धीराचं पान

सर,

तुमच्या वहीच्या एक्केचाळिसाव्या पानावर मी आहे. नाव लिहिलेलं नाही, पण मीच आहे, आणि आपल्या मेजावर बसणारे जे तिघे-चौघे अजून हिंगणघाटात राहतात त्यांना ते वाचताक्षणी कळेल. तुमच्या मुलीने, ताईंनी, वही मला टाईप करायला दिली आहे. तुमच्या नावाने त्यांना खेळाचं पुस्तक छापायचं आहे. सोमवारी नागपूरच्या छापखान्यात फाईल द्यायची आहे. फोनवर म्हणाल्या, "बाबांचं अक्षर तुझ्याशिवाय कोणाले समजत नाई, तूच कर." मी हो म्हणालो. चाळीस पानं सुरळीत झाली आणि एक्केचाळिसाव्यावर मी चार दिवस अडकून बसलो आहे. ते पान तसंच टाईप करायचं, बदलायचं, की वहीत ते पान नव्हतंच असं ताईंना सांगायचं, हे मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी माणसाचा राग निवलेला असावा अशी अपेक्षा असते. माझा निवलेला होता की नाही ते माहीत नाही, पण हे पान वाचल्यावर तो पुन्हा सगळाच्या सगळा वर आला.

ताईंना पुस्तकाच्या सुरुवातीला हा खेळ काय आहे ते थोडक्यात हवं होतं. मी असं लिहिलं आहे: एक जण खेळ चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक माणूस घेतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. चालवणारा सांगतो की समोर काय आहे, खेळणारा सांगतो की माझा माणूस काय करतो, आणि जमेल की नाही अशी शंका आली की तीन फासे टाकायचे. बेरीज माणसाच्या आकड्याएवढी किंवा त्याहून कमी आली तर जमलं, जास्त आली तर नाही. कथा कोणतीही असो, नियम हाच. हे शेवटचं वाक्य तुमचं आहे. तुम्ही ते इतक्या वेळा म्हणत होतात की मला ते टाईप करताना वहीत पाहावं लागलं नाही.

रविवारी तुमच्या टायपिंग क्लासला सुट्टी. मशीनवर रेक्झिनच्या खोळी घातलेल्या, खिडक्या उघड्या, मधलं लांब मेज पुसून ठेवलेलं, आणि आतल्या घरातून काकू चहाची किटली आणून ठेवताहेत. तुम्ही पुण्याला नोकरीला होतात तेव्हा खोलीतल्या मित्रांबरोबर हे खेळ शिकलात. राक्षसांच्या खेळाचे नियम वेगळे, अवकाशातल्या खेळाचे वेगळे, चोर-पोलिसांचे वेगळे, आणि प्रत्येकाचं पुस्तक जाडजूड. त्यातच एक पुस्तक असं होतं की जे म्हणायचं, मी एकटा सगळ्या कथांना पुरतो. त्याची झेरॉक्स घेऊन तुम्ही गावी परत आलात आणि बारा-पंधरा वर्षं ती इंग्रजी पानं घासून घासून त्यातून आपली एक मराठी नियमावली काढलीत. आम्ही तिच्यावर खेळलो. बोरच्या जंगलात वाघामागे गेलो. बंद पडलेल्या सूतगिरणीत भुताशी बोललो. चंद्राकडे जाणाऱ्या यानात अडकलो, तेव्हा आपला एसटीतला कंडक्टर अडून बसला होता की डबल बेल मारल्याशिवाय यान हलत नसते, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने यानाला एक दोरी आणि घंटा बसवून दिलीत. माझा माणूस एक विहीर खणणारा होता. त्याचा धीर चौदा. जंगलातही तोच कागद, चंद्रावरही तोच. मी, ज्याला दुकानात सुटे मागायची भीती वाटायची, तो रविवारी दोन ते सहा धीर चौदाचा असायचो. ते दिवस चांगले होते हे मी नाकारत नाही. रागावलो आहे म्हणून खोटं लिहिणार नाही.

एकच भांडण आपल्यात तेव्हाही होतं. माझं म्हणणं, धीराचा आकडा कथेप्रमाणे बदलला पाहिजे. जो माणूस वाघासमोर उभा राहतो तो साहेबासमोर उभा राहीलच असं नाही. मी तीन आठवडे बसून एक तक्ता केला होता, बेचाळीस ओळींचा, पट्टीने रेघा मारून: अंधार असेल तर वजा एक, चार लोक बघत असतील तर वजा दोन, वडील बघत असतील तर वजा तीन. तुम्ही तो क्लासमध्ये, मशीनवर बसलेल्या मुलींसमोर वाचलात. मला वाटलं, शाबासकी द्याल. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "हा तक्ता खेळाचा हाय का तुझ्या तब्येतीचा?" मुली हसल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणालात, "पाय बापा, वाघ असो का पेपर असो, धीर माणसाचा एकच राह्यते." मी तक्ता परत घेतला. त्याच आठवड्यात तुम्ही नियमांची स्वच्छ प्रत उतरवायचं काम मला दिलंत, कारण तुमचे डोळे साखरेने अधू होत चालले होते आणि तुमच्या मते माझ्यासारखं शुद्ध लिहिणारं तालुक्यात कोणी नव्हतं. ती भरपाई होती हे मला कळलं होतं. मी ती घेतली. वहीची पहिली चाळीस पानं माझ्या अक्षरात आहेत.

धीर कुठे संपतो ते मला त्या फेब्रुवारीत कळलं. बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा. मी प्रवेशपत्र घरी तीनदा आणि वाटेत दोनदा तपासलं होतं. तीन पेनं, त्यातली दोन चालवून पाहिलेली. आपल्या मेजावर खेळणाऱ्या माझ्या मावसभावाने गाडीवरून केंद्राच्या वळणावर सोडलं. फाटक उघडं होतं, मुलं आत जात होती, कोणीही मला अडवत नव्हतं. मी फाटकापर्यंत गेलो, तिथून सरळ पुढे चालत राहिलो, स्टँडवर पोचलो आणि वर्ध्याच्या गाडीत बसलो. वर्ध्याच्या स्टँडवर एका बाकावर तीन तास काढले. पेपर सुटायच्या हिशोबाने परत आलो. घरी विचारलं तेव्हा म्हणालो, ठीक गेला. बाकीचे पेपर मी दिले, सर. एकही चुकवला नाही.

आणि मग एप्रिलमधला तो रविवार. निकाल अजून महिनाभर लांब. तुम्ही म्हणालात, आज जंगल नाही, चंद्र नाही. आज कथा इथली, आजची, हिंगणघाटातली. "नियमावली सगळ्याले पुरते म्हणतो ना मी? मग पाहू आपल्याले पुरते का. स्वतःले लिहा." सगळे खूश झाले. माणूस लिहायची आपली रीत ठरलेली होती: प्रत्येकाला शंभर गुण, त्यातून बळ, बुद्धी, धीर विकत घ्यायचं, आणि जास्त हवं असेल तर एखादा दोष पत्करायचा, म्हणजे त्याचे गुण परत मिळतात. माझ्या मावसभावाने रूप या रकान्यात सतरा लिहिले, आणि कंडक्टर त्याला म्हणाला, "तुह्या घरी आरसा नाई का बे?" मी धीरापुढे बारा लिहिले, खोडले, अकरा लिहिले, खोडले, आणि दहा ठेवले. शेवटचा रकाना गुप्त दोषाचा. तो चिठ्ठीवर लिहून, घडी घालून फक्त चालवणाऱ्याकडे द्यायचा. बाकी कोणाला कळत नाही. वहीच्या तेराव्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: गुप्त दोष हा खेळणारा आणि चालवणारा या दोघांतला विश्वास होय.

दुसरे कोणी असते तर त्यांनी काहीतरी गमतीचं लिहिलं असतं. मावसभावाने लिहिलंच होतं, नंतर त्याने सांगितलं. पण नियम होता की खरं लिहायचं, आणि मी नियम पाळतो. मी लिहिलं: बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला गेलो नाही. घरी माहीत नाही. दोन महिन्यांत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही चिठ्ठी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचलीत, पुन्हा घडी घातलीत आणि रिबिनींच्या जुन्या डब्यात टाकलीत. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, खेळ संपला की तुम्ही मला थांबवून घ्याल. विचाराल, काऊन रे, का नाई गेलास. मी उत्तर तयार करायला लागलो होतो.

दोन फेऱ्या झाल्या. कंडक्टरने बाजारातलं भांडण सोडवलं. मावसभाऊ वणा नदीच्या पुलावर गाडीचा तोल सांभाळताना पडला. मग तुम्ही माझ्याकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "तू परीक्षेच्या फाटकाशी उभा हायेस. घंटा व्हायले पाच मिनिटं हायेत. पेपर इंग्रजीचा."

मी म्हणालो की परीक्षा तर झाली. तुम्ही म्हणालात, "कथेत झाली नाई. आत जातो का ते सांग. सांगता येत नसन तर धीराचे फासे टाक." मावसभाऊ हसत होता. म्हणाला, "यात फासे कायले पायजे? मीच तर सोडून आलो होतो याले."

मी फासे टाकले. स्टीलच्या ताटलीत ते वाजले. मी म्हणालो, पंधरा.

तुम्ही म्हणालात, "पंधरा. मंग नाई गेला आत." आणि पुढच्याकडे वळलात. मावसभावाचं हसणं अर्ध्यात थांबलं होतं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. लहानपणापासून तो मला ओळखतो. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आले तेव्हा त्यांना मावसभावाकडून कळलेलं होतं. डोक्यावर, भुवयांवर कापसाची पांढरी बूर, आणि ती न झटकताच ते दारात उभे. "पेपरले गेलता का नाई?" मी नाही म्हणालो. त्यांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "दोन महिने एका ताटात जेवलो आपण." मे महिन्यात निकाल लागला आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा मी तो भरून, प्रत्येक रकाना दोनदा तपासून त्यांच्यापुढे सहीला ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला. "उघड्या दारातून ज्याले आत जाता येत नाई त्याले फॉर्म कायले?" दुसऱ्या दिवशी मी जिनिंगच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला लागलो.

तुमच्या बाजूने बोलणारे बरेच भेटले. काकू म्हणाल्या होत्या, निकाल तर लागणारच होता, महिन्याभराने कळलंच असतं. हो, कळलं असतं. पण तो महिना माझा होता, सर. त्या महिन्यात मी स्वतः बाबांना सांगणार होतो. कदाचित सांगितलं नसतं. पण सांगण्याची किंवा न सांगण्याची मुभा माझी होती, आणि तुम्ही ती तुमची नियमावली सगळ्या कथांना पुरते की नाही हे बघण्यासाठी वापरलीत. वाघ समोर आला की आपण हरलो तरी चहा पिऊन घरी जातो. भुताने झपाटलं तरी सोमवारी क्लास असतो. तुम्हाला हे दिसत नव्हतं का, की आपल्या गावाच्या कथेत खेळ संपत नाही? बारा-पंधरा वर्षं नियम घासलेत, आणि एवढा एक फरक तुमच्या वहीत कुठेही नाही. मी तो मागतच होतो. बेचाळीस ओळींत मागितला होता. तुम्ही मुलींना हसवलंत.

तुम्ही कंडक्टरकडून दोनदा निरोप पाठवलात: रविवारी येजो. मी गेलो नाही. तिसरा निरोप आला नाही, कारण तुम्हाला नागपूरला हलवलं होतं. पोळ्याच्या आधी तुम्ही गेलात. मी वळणावर, पानठेल्याजवळ उभा राहून तुमची अंत्ययात्रा बघितली आणि तिथूनच परतलो. मग जिनिंग सुटलं, मी तहसील कचेरीसमोर टायपिंगचं मशीन टाकून बसलो, पुढे कॉम्प्युटर आला. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नावातल्या दुरुस्त्या. माझ्याकडचा अर्ज चुकीसाठी परत येत नाही अशी ख्याती आहे. त्याचं श्रेय तुमचंच, आणि मी ते कोणाला सांगत नाही.

आता एक्केचाळिसावं पान. चाळिसावर माझं अक्षर संपतं, आणि पुढे तुमचं, थरथरणारं, ओळी सोडून खाली उतरणारं. म्हणजे हे तुम्ही मी येणं बंद केल्यावर लिहिलंत. मथळा धीर. नियम जुनाच: वाघ असो, भूत असो, परीक्षा असो, आकडा एकच. आणि त्याखाली:

"उदाहरण. एक मुलगा परीक्षेच्या फाटकाशी उभा आहे. धीर दहा. फासे पडले चार, एक, तीन. बेरीज आठ. मुलगा आत गेला. पेपर कसा गेला, तो वेगळा फासा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मशीन बंद करून बाहेर गेलो. वाटलं, आधी चारचौघांत उघडं पाडलं आणि मग पुस्तकात गोड करून ठेवलं. पंधराचे आठ केले आणि मला आत पाठवून दिलं. मी ताईंना फोन लावायला घेतला होता की हे पान मी टाईप करणार नाही. मग ते तीन आकडे पुन्हा वाचले.

सर, तुमच्या मेजावरची रीत होती की ज्याचे फासे त्याने वाचायचे. तुम्हाला ताटलीतले ठिपके दिसत नव्हते, निदान आम्ही तसं समजत होतो, आणि दुसऱ्याच्या ताटलीत वाकून पाहणं तुम्हाला खपत नव्हतं. त्या दिवशी माझ्या ताटलीत चार, एक आणि तीनच पडले होते. मी हात ठेवून ते झाकले आणि पंधरा म्हणालो.

आठ म्हणालो असतो तर मी आत गेलो असतो. मावसभाऊ हसत राहिला असता. बाबांना काही कळलं नसतं. महिना माझा राहिला असता. ते मला त्या क्षणीही दिसत होतं. मी असा माणूस नाही की ज्याला परिणाम दिसत नाहीत. पण सगळे बघत असताना मी आत गेलो असं म्हणणं माझ्याने झालं नाही, कारण मी गेलो नव्हतो. आयुष्यात एकदाच फासे खोटे सांगितले आणि तेही खरं सांगायला. आणि तुम्हाला ते दिसत होते. तिन्ही, ज्या क्रमाने पडले त्या क्रमाने तुम्ही लिहून ठेवलेत. मग बोलला का नाहीत? "आठ हायेत पोरा, नीट पाय," एवढंच म्हणायचं होतं. जी चिठ्ठी आपल्या दोघांत राहायला हवी होती ती तुम्ही मेजावर मांडलीत, आणि जे मोठ्याने बोलायला हवं होतं ते एका वहीत लिहून नागपूरला निघून गेलात. मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो की तुमचा धीराचा नियम चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा मी आहे. सगळ्यांसमोर पंधरा म्हणायलाही धीर लागतो, आणि मला आत गेलेला लिहून तो पुरावाही तुम्ही काढून घेतलात. राग यायचा नाही तर काय.

मी पान टाईप केलं आहे. तुम्ही लिहिलंत तसं, चार, एक, तीन. धीराला वजा-अधिक काही लावलेलं नाही. पण तेराव्या पानावर, गुप्त दोषाच्या खाली, एक ओळ मी माझी घातली आहे: चालवणाऱ्याने कोणाचाही गुप्त दोष कोणत्याही कारणाने मेजावर आणू नये, खेळणाऱ्याच्या भल्यासाठीही नाही. ती तुमच्या नावाने छापली जाईल. तुम्हाला ती आवडणार नाही आणि मी तिच्यासाठी ताईंची परवानगी मागितलेली नाही.

हे सगळं मी त्याच फाईलच्या शेवटी टाईप करत होतो. आता ही पानं काढून वेगळी ठेवली आहेत. एक मात्र करायचं ठरवलं होतं. नऊ वर्षं मी मावसभावाला, कंडक्टरला, ताईंनाही हेच सांगत आलो आहे की सरांनी माझं गुपित फोडलं. तुम्ही मला फाटकापर्यंत नेलंत, पंधरा मी म्हणालो, हे फाईल पाठवताना ताईंना लिहायचं होतं. फाईल आत्ताच पाठवली. सोबत एवढंच लिहिलं, कृपया तपासून घ्यावे.